दहा दरवाजे

गाडीचा एक दरवाजा बसवायला माणसाला किती वेळ लागतो, हे ठरवायचा मला पगार मिळायचा. ऐकणाऱ्याला हसू येतं. इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या शेजारणीला मी हे काम तीनदा समजावून सांगितलं, तरी चौथ्यांदा तिने विचारलंच, "म्हणजे तू तिथे घड्याळं दुरुस्त करते का?" मी म्हटलं, हाओ बाई, तेच करते. डोकं कोण खपवणार?

शहराबाहेर पीथमपुरला आमची गाड्यांची कंपनी होती. पक्की देशी. छोट्या मालवाहू गाड्या आणि शाळेच्या पोरांना कोंबून नेतात त्या व्हॅन आम्ही बनवायचो. मी टाइम स्टडीत होते. गळ्यात स्टॉपवॉच, हातात पॅड, पायात ते सेफ्टीचे बूट, ज्यांत माझं पाऊल पंधरा वर्षांत एकदाही नीट बसलं नाही. लाईनवर कामगाराच्या बाजूला उभं राहायचं आणि त्याचं काम सेकंदांत मोजायचं. त्या सेकंदांवरून शिफ्टला किती गाड्या निघायला हव्यात ते ठरायचं. त्याहून जास्त निघाल्या, तर कामगाराला पगारावर इन्सेंटिव्ह. म्हणजे माझ्या पॅडवरचा आकडा लोकांच्या घरी किराण्यात दिसायचा. त्यामुळे सगळे माझ्याशी तोंडावर गोड बोलायचे आणि पाठ वळली की शिव्या घालायचे. मी तशी तापटच. ऐकू आलं की मागे वळून उत्तर द्यायची.

इतकी वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. आता ती लाईन राहिली नाही, दरवाजे यंत्राचे हात बसवतात, मी नोकरी सोडून घरी बसले आहे, आणि ज्या एका माणसापासून हे लपवायचं होतं ते माणूसही आता नाही. म्हणून सांगते.

आधी लाईनवरचा एक रिवाज सांगायला हवा. मी घड्याळ घेऊन कुठल्याही विभागात शिरले की माझ्याआधी खबर पोचायची: घड्याळ आलं. लगेच सगळ्यांचे हात बदलायचे. त्याला नावच होतं, घड्याळाचा हात. काम थांबायचं नाही बरं का. थांबलं तर लिहिता येतं. पण जो माणूस एरवी मूठभर नट उचलतो, तो एकेक नट उचलायचा. पाना पुसायचा. पुसलेला पाना परत पुसायचा. बोल्ट घालण्याआधी त्याच्याकडे असा बघायचा, जणू मुलीसाठी स्थळ बघतोय. मला हे सगळं कळायचं आणि मला कळतं हे त्यांना कळायचं. म्हणून कागदावर एक रकाना होता, कपातीचा. माणूस मुद्दाम सावकाश करतोय असं दिसलं की मी माझ्या अंदाजाने त्यातले काही सेकंद कापायची. ते वाढवायचे, मी कापायची, आणि मधे कुठेतरी खरी वेळ सापडायची. कुणी कुणाला खोटारडं म्हणायचं नाही. बरीच वर्षं हे असं सुखाने चाललं होतं.

मग रस्त्यापलीकडे परदेशी कंपनी आली.

मधे फक्त एक चौपदरी रस्ता आणि आमच्याकडच्या चहाच्या चार टपऱ्या. आम्ही त्यांना पलीकडचे म्हणायचो. त्यांची व्हॅन आमच्या व्हॅनसारखीच, वर दिसायला देखणी, आणि किंमत आमच्यापेक्षा थोडी कमी. ती थोडी कमी किंमत आमच्या डोक्यावर येऊन बसली. एकदा आम्हा काही जणांना तिथे पाहुणे म्हणून नेलं होतं. फरशी अशी की जेवायला बसावं. कँटीनमध्ये पंगतीला शोभेल असं जेवण. आणि तिथे दोन रंगांचे शर्ट दिसले. निळ्या शर्टवाले कायम कामगार, मोजकेच, पण आमच्या लोकांपेक्षा चांगला पगार घेणारे. करड्या शर्टवाले ठेक्यावरचे, पुष्कळ, आणि आमच्या लोकांपेक्षा कितीतरी कमी पगारावर. काम दोघांचं तेच, एकाच बाकाच्या दोन बाजूंना उभं राहून.

झालं! आमच्याकडे दर तीन वर्षांनी पगाराचा करार व्हायचा. त्या वर्षी बोलणी सुरू झाली की युनियनवाले म्हणायचे, पलीकडे बघा काय पगार आहे. म्हणजे निळ्या शर्टांचा. मॅनेजमेंट म्हणायची, पलीकडे बघा किती स्वस्तात काम होतं. म्हणजे करड्या शर्टांचं. एकाच कारखान्याचे दोन अर्धे दोघांनी वाटून घेतले होते. मी मीटिंगमध्ये टिपणं घ्यायला बसायची आणि मनातल्या मनात दोघांना कोपरापासून हात जोडायची.

अखेर ठरलं ते असं. पगार वाढेल, पण प्रत्येक कामाची वेळ नव्याने मोजायची. कुणाला मोजायचं ते युनियन सांगेल. सलग दहा वेळा मोजायचं, सरासरी काढायची, दोन्ही बाजूंनी सही करायची, आणि तो आकडा तीन वर्षं कुणी हलवायचा नाही. मोजणी रद्द होईल ती एकाच कारणाने: काम लेखी पद्धतीप्रमाणे झालं नसेल तर. सगळ्यांना वाटलं, नेहमीचंच आहे. घड्याळाचा हात चालेल, मी कापीन, निभेल.

दरवाज्यांसाठी युनियनने काकांचं नाव दिलं.

काका म्हणजे माझ्या बाबांचे मित्र. बाबा याच कंपनीत स्टोअरमध्ये होते. ते अचानक गेले तेव्हा माझ्या मार्कशीटची फाईल बगलेत धरून पर्सनल ऑफिसात काका तीन दिवस जाऊन बसले होते. चौथ्या दिवशी मला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. हे उपकार त्यांनी कधी बोलून दाखवले नाहीत, उलट लाईनवर भेटले की म्हणायचे, "काय साहेबीणबाई, आज कुणाच्या पोटावर पाय?" मीही म्हणायची, "तुमच्याच, सरका." मूळचे इंदूरचे, पण मानपुरला काकूंच्या माहेरच्या जागेत घर बांधलेलं, तिथून स्कूटरवर यायचे. निवृत्तीला चार महिने उरले होते.

दरवाजा बसवणं हे लाईनवरचं सगळ्यात नाजूक काम. दोन बिजागऱ्या, चार बोल्ट. ऐकायला सोपं. पण दरवाजा आणि गाडीच्या चौकटीमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी यावी लागते, नाहीतर पाऊस आत येतो आणि धूळ त्याच्याआधी येते. काका बोल्ट अर्धवट आवळून दरवाज्याखाली गुडघा लावायचे, वरून तळहाताने एक दाब द्यायचे, फटीतून अंगठ्याचं नख फिरवायचे. मग बोल्ट आवळायचे. त्यानंतर दुसरी फेरी, टॉर्क पान्याने. हा पाना बोल्ट हवा तितका आवळला गेला की कट् असा आवाज करतो. चार बोल्ट, चार कट्. हे लेखी पद्धतीतच होतं. मग दरवाजा बोटाने ढकलायचा, आणि तो स्वतःच्या वजनाने बंद व्हायला हवा. या सगळ्याला सहा मिनिटं धरलेली होती. विभागात चौदा जण. काकांनी मागच्या मोजणीत सात मिनिटं लावली होती, आणि मी एक कापलं होतं.

मोजणीच्या दिवशी नवे साहेब येऊन उभे राहिले. हे आमचे नवे प्लांट हेड, पलीकडूनच आणलेले. वाईट माणूस नव्हता हो. हळू बोलायचा, सगळ्यांना जी म्हणायचा. तो काकांना म्हणाला, "अंकलजी, उधर ये काम मशीन चार मिनट में करती है. हाथ से इतना नहीं होगा, मैं समझता हूँ. आप आराम से कीजिए."

चांगल्या मनाने म्हणाला. तेच तर झालं.

साहेब मागे सरून खांबाजवळ उभे राहिले. काकांनी हातमोजे काढले आणि खिशात कोंबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, घड्याळ लाव."

मी बटण दाबलं. पहिला दरवाजा तीन मिनिटं पन्नास सेकंदांत बसला. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दुसरा तीन मिनिटं चाळीस. मी काकांना वर्षानुवर्षं ओळखत होते, पण त्यांचे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. कुठे घाई नाही, धसमुसळेपणा नाही. एक हात बोल्ट सोडत असतानाच दुसरा पान्यावर गेलेला असायचा. गुडघा, तळहात, नख, आणि कट्, कट्, कट्, कट्. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एकही कट् चुकला नाही. दरवाजा बोटाने ढकलला की अलगद जाऊन बसायचा. मी कौतुकाने हरखून गेले होते. खोटं कशाला बोलू, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

पहिल्या तीन दरवाज्यांपर्यंत आजूबाजूचे कामगार हसत होते. "क्या बात है काका, साहब को दिखा दिया!" कुणीतरी शिट्टी मारली. चौथ्यानंतर आवाज कमी झाला. सहाव्याला युनियनचा अध्यक्ष धावत आला, खांबापाशी उभा राहिला आणि त्याने कपाळाला हात लावला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काका थांबले नाहीत. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना तिथे कुणी आहे हेच माहीत नव्हतं. दहावा दरवाजा लावून त्यांनी हात पुसले, वर बघितलं, आणि कुणीच काही बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

साहेबांनी मात्र त्यांचा हात हातात घेतला. "कमाल है अंकलजी," म्हणाले. मनापासून म्हणाले.

सरासरी आली चार मिनिटांच्या आत. आता कागदावर कपातीचा रकाना होता, वाढीचा नव्हता. असणार कसा? घड्याळासमोर जीव ओतून काम करणारा माणूस कंपनीने कधी बघितलाच नव्हता. जो आकडा आला तोच आकडा. चौदा जणांना आता चार मिनिटांत दरवाजा बसवायचा होता, आणि काका सोडून एकालाही ते जमणार नव्हतं. इन्सेंटिव्ह तर गेलाच. वर चौदांची गरज उरणार नव्हती, नऊ-दहात भागणार होतं. नव्या करारात जी पगारवाढ मिळाली असती, ती दरवाजेवाल्यांना हातात यायच्या आधीच गेली होती.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कागदावर अजून सही केली नव्हती. म्हटलं, "सर, तो माणूस वेगळा आहे. त्याच्यावरून बाकीच्यांचं ठरवू नका, हे चूक आहे." मी जरा मोठ्याने बोलले असणार, कारण बाहेरचा टायपिस्ट टायपायचा थांबला.

साहेब शांत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, मॅडम, पलीकडची गाडी आपल्यापेक्षा स्वस्त आहे, मी स्वतः ती स्वस्त करून आलोय, मला माहीत आहे कशी केली ते. आपण वेळ कमी केला नाही तर दोन वर्षांत आपली व्हॅन कुणी विकत घेणार नाही. तेव्हा चौदांचा नाही, सगळ्यांचा पगार बंद होईल. आणि मोजलं तुम्हीच, मी फक्त बघत होतो. कागदात दोष असेल तर दाखवा, मी रद्द करतो.

मला संताप आला तो याचा, की त्याचं बोलणं पूर्ण खोटं नव्हतं. खोटं असतं तर भांडले असते. मी म्हटलं उद्या सही देते, आणि उठून आले. बसमध्ये राऊ गावापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले, इंदूरला महू नाक्यावर उतरले, घरी जाऊन विनाकारण आईशी भांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट लागायच्या आधी काका माझ्या टेबलाशी आले. कधी बसत नसत, त्या दिवशी खुर्ची ओढून बसले. मी आधीच भडकलेली होते. म्हटलं, "काका, काय करून ठेवलं हे? साहेब एक वाक्य बोलला तर एवढ्या मिरच्या झोंबल्या?"

"मिरच्या नाही गं," ते म्हणाले. "राग नाही आला मला. हौस आली."

"हौस?"

"बत्तीस वर्षं घड्याळ आलं की मी पाने पुसले. पुसलेले पाने पुसले. तुझ्या कागदांत माझं नाव आहे ना, ते सात मिनिटवाला म्हणून आहे. चार महिन्यांनी घरी बसेन. म्हटलं, एकदा तरी कुणी खरं लिहून ठेवावं. आणि लिहिणारी तू होती." मग म्हणाले, "पोरांचा विचारच आला नाही, बेटा. शप्पथ. नववा दरवाजा होईस्तोवर आला नाही. आला तेव्हा हात थांबेना."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी पॅडची क्लिप उघड-बंद करत बसले.

मग त्यांनी ज्यासाठी आले होते ते सांगितलं. रात्रभर विचार केलेला दिसत होता, कारण अगदी कामाची पद्धत सांगावी तसं क्रमाने सांगितलं. तू लिही की मी दुसरी फेरी मारली नाही. टॉर्क पाना फिरवला नाही, घाईत सोडून दिला. म्हणजे काम लेखी पद्धतीप्रमाणे झालं नाही. म्हणजे मोजणी रद्द. मी लिहून देतो की चूक माझी.

"काका, मी तिथे होते. चाळीसच्या चाळीस कट् ऐकले मी."

"तुझ्याशिवाय कुणी ऐकले? साहेब खांबाजवळ होते, वरून कंप्रेसर चालू. त्यांना काही कळलं नाही. बोल्ट आवळलेला आहे ते दिसतं, कधी आवळला ते दिसत नाही. एवढंच लिहायचं."

"आणि तुमची नोटीस? तुमच्या फाईलला आजवर एक डाग नाही."

"असू दे ना एक," ते म्हणाले. "आणि हे तुझ्यामाझ्यातच. युनियनलासुद्धा सांगू नको. एकाला कळलं की सगळ्यांना कळतं, मग साहेब ती मोजणी परत उघडेल. घरीसुद्धा मी हेच सांगणार आहे."

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. मी आयुष्यात कागदावर खोटा आकडा टाकला नव्हता. सेकंद कापले असतील, पण ते सगळ्यांच्या समोर, रकान्यात. काका वाद घालत बसले नाहीत. नुसते बसून राहिले. बहुतेक बाबांच्या वेळी पर्सनल ऑफिसात बसले होते तसेच. शेवटी मीच कागद ओढला आणि लिहिलं: दुसरी फेरी झालेली आढळली नाही. मग खाली सही केली.

साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना संशय आला असेल, किंवा नसेलही. पण माणूस बोलला तसा वागला. त्यांनी मोजणीच्या कागदावर तिरकी लाल रेघ मारली. त्या दहा नोंदी, तीन पन्नास, तीन चाळीस, सगळ्यांवरून. मग म्हणाले, बोल्ट सैल असतील तर गाड्या अशा पुढे जाऊ द्यायच्या नाहीत.

हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. दोघांच्याही.

त्या दहा व्हॅन यार्डातून परत आणल्या. नियमाप्रमाणे दरवाजे उतरवायचे, नवीन बोल्ट घालायचे, पुन्हा बसवायचे, आणि ज्याची चूक त्याने हजर राहायचं. काका हात मागे बांधून उभे राहिले. पहिली बिजागरी सोडताना एक जण म्हणाला, "काका, हा तर चांगला घट्ट आहे." काका म्हणाले, "असाच लागला असेल, खोल तू." एकेक करून दहाही दरवाजे खाली आले, भिंतीला टेकवून ओळीने उभे केले गेले. मग दुसऱ्यांनी ते बसवले. वाईट बसवले असं नाही म्हणणार मी, चालण्यासारखे बसवले. सातव्या गाडीच्या दरवाज्याची फट वर जरा जास्त राहिली. ते मला दिसलं, म्हणजे काकांना दिसलं असणारच. त्यांचे हात मागेच बांधलेले राहिले. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

फेरमोजणीला युनियनने दुसऱ्याचं नाव दिलं. त्याने पाना पुसला, पुसलेला परत पुसला, बोल्टकडे स्थळ बघावं तसं बघितलं, आणि मी कापलं. आकडा आला पाच मिनिटं चाळीस सेकंद. करार झाला, पगार वाढले, गेटवर पेढे वाटले. चौदाच्या चौदा जण राहिले. ते तीन वर्षं टिकलं. नंतर पलीकडच्यांसारखं यंत्र आलंच, ते यायचंच होतं. पण तीन वर्षांत कुणाचं घर बांधून झालं, कुणाच्या मुलीचं शिक्षण.

काकांना लेखी ताकीद मिळाली. विभागात त्यांच्यावरचा राग लोकांनी सोडून दिला, कारण आता तो धरण्यासारखा नव्हता. त्याची जागा गमतीने घेतली. "काका, कट् केलं का?" असं येता-जाता म्हणायचे. काकाही हसायचे. मी एकदा एकाला त्यावरून असं झापलं की तो महिनाभर माझ्या वाटेला गेला नाही. निवृत्तीच्या समारंभात आमच्याकडे एक कागद वाचून दाखवायचे, त्यात "दीर्घ आणि निष्कलंक सेवा" असे शब्द ठरलेले असायचे. काकांच्या कागदात "दीर्घ सेवा" एवढंच होतं. बाकी शाल, नारळ, फोटो, सगळं रीतसर झालं. काकांनी भाषणात कँटीनच्या कढीची तारीफ केली आणि खाली बसले.

त्यानंतर महिन्याभराने मी मानपुरला त्यांच्याकडे गेले. रविवार होता. काकूंनी पोहे केले होते. काकू सरकारी शाळेत मास्तरीण होत्या, सगळा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यात गेलेला. बोलणं स्वच्छ, नजर त्याहून स्वच्छ. इकडचं तिकडचं झालं, आणि त्या आत जाऊन एक फाईल घेऊन आल्या. त्यात ती ताकीद होती.

"हे मला कपाटात सापडलं," त्या म्हणाल्या. "यांना विचारलं तर म्हणतात, चूक झाली. मला पटत नाही. मी यांना ओळखते. हा माणूस घरातला नळ दोनदा तपासतो. मला वाटतं कंपनीने जाता-जाता यांच्यावर काहीतरी ढकललं. मी वरपर्यंत पत्र लिहिणार आहे. पण आधी तुला विचारते. तू तिथे होतीस ना?"

मी काकांकडे बघितलं. ते पोह्यातली मिरची बाजूला काढत होते. मान वर केली नाही.

काकूंनी पत्र लिहिलं असतं तर चौकशी झाली असती. चौकशी झाली असती तर करार उघडला असता. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरलं, आणि त्याच्याबरोबर हेही, की ही बाई बरोबर आहे. सगळ्या जगात एकटी ही बाई बरोबर आहे, आणि मला तिला चूक ठरवायचंय.

"हो, काकू," मी म्हटलं. "मी होते. झाली त्यांच्याकडून चूक."

"नक्की?"

"नक्की. मीच लिहिलं ते."

काकूंनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी घडी घालून तो फाईलमध्ये ठेवला. "मग ताकीद दिली ते बरोबरच केलं," त्या म्हणाल्या. "चूक ती चूक. मीच उगीच मनात धरून बसले होते." आवाजात राग नव्हता. पण त्यांनी काकांकडे ज्या नजरेने बघितलं, तसं त्यांनी आधी कधी बघितलं नसणार. वर्गातल्या हुशार मुलाचा पेपर कमी मार्कांचा निघाल्यावर बघतात तसं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

काकांनी तेव्हा मान वर केली. काकूंना म्हणाले, "सांगत होतो ना तुला. हात चालत नव्हते आता पहिल्यासारखे."